आधी पाण्याची रेघ, मग खोल्या

आर्किटेक्टकडे जाण्याआधी घरच्यांनी एकत्र बसून काय काय ठरवावं, याची ही आमची यादी. बडोद्यात ३० बाय ५०च्या प्लॉटवर तीन पिढ्यांचं घर बांधायचं ठरलं, तेव्हा आम्हीही सगळ्यांसारखे खोल्या मोजायला बसलो होतो. बेडरूम किती, हॉल केवढा, गाडी कुठे. आई बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "पाणी कुठवर येतं ते आधी लिहा." तीच यादीची पहिली ओळ झाली.

तेव्हा प्लॉट बघायला पावसाळ्यात जा, तेही मोठी सर पडून गेल्यावर. ३१ जुलै २०१९ला बडोद्यात एका दिवसात जवळपास २० इंच पाऊस पडला. ऑगस्ट २०२४मध्ये जन्माष्टमीच्या सुमाराला विश्वामित्री नदी पात्राबाहेर आली आणि कित्येक सोसायट्या दोन-तीन दिवस पाण्यात होत्या. या दोन्ही वेळी तुमच्या गल्लीत पाणी कुठवर आलं होतं, हे दलालाला विचारू नका; शेजारच्या तीन घरांत, इस्त्रीवाल्याला, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला वेगवेगळं विचारा. कंपाउंडच्या भिंतीवर डाग अजून दिसतो. या उत्तरांतलं सगळ्यात वरचं उत्तर खरं धरा आणि ती रेघ कागदावर मांडा. नदी लांब आहे म्हणून निश्चिंत राहू नका. पावागडच्या डोंगरातलं पाणी आणि आजवा सरोवरातून सोडलेलं पाणी एकाच नदीत येतं, आणि नदी भरली की शहरातल्या गटारांचं पाणी पुढे सरकत नाही, उलटं घरात येतं.

जोत्याची उंची या रेघेवरून ठरते. आमच्याकडे ती रस्त्यापासून ३ फूट आली. मोजताना रस्त्याचा मधला, उंच भाग धरा, कारण दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो आणि घर आपोआप खाली जातं. जोतं रेघेच्या वर नेणं शक्य नसेल तर खाली काय ठेवायचं नाही ते लिहा: मेन बोर्ड, इन्व्हर्टर, लाकडी कपाटं, महत्त्वाचे कागद. तळमजल्यावरचे प्लग पॉइंट ४ फुटांवर घ्या आणि वरच्या मजल्याचं सर्किट वेगळं ठेवा, म्हणजे खालचं बंद करून वर दिवा लावता येईल. जमिनीखालच्या टाकीचं तोंड जोत्याच्या वर उचलून घ्या. ड्रेनेजच्या लाइनीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी झडप, बसवायला सांगा आणि त्याचं झाकण उघडून साफ करता येईल अशा जागी ठेवा. आमच्या जुन्या टेनामेंटमध्ये, म्हणजे सोसायटीतल्या बैठ्या घरात, २०२४ला पाणी दारातून यायच्या आधी बाथरूमच्या जाळीतून आलं होतं.

आता खरा पेच. आई ७६ वर्षांची आहे. ३ फूट जोतं म्हणजे ६ इंचाच्या सहा पायऱ्या. आज ती चढते, आणखी पाच वर्षांनी कोण जाणे. व्हीलचेअरसाठी रॅम्प घ्यायचा तर १ फूट उंचीला १२ फूट लांबी लागते, म्हणजे ३ फुटांसाठी ३६ फूट. घर पाण्यापासून वाचवायला जितकं उचलाल, तितकं ते घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसापासून दूर जातं. बाकी सगळ्या खोल्या या दोन मापांच्या मध्ये बसवायच्या असतात, असं मला आता ठामपणे वाटतं. आमचा प्लॉट ५० फूट खोल, म्हणून बाजूच्या मोकळ्या जागेतून ४ फूट रुंदीचा रॅम्प मागच्या दारापर्यंत नेता आला, मध्ये टेकायला एक सपाट टप्पा ठेवून. पण बाजूच्या मार्जिनमध्ये, म्हणजे नियमाने सोडायच्या या मोकळ्या जागेत, काय बांधता येतं ते आधी इंजिनिअरकडून लेखी घ्या. प्लॉट लहान असेल तर निदान पायऱ्या ५ ते ६ इंचांच्या आणि रुंद ठेवा, दोन्ही बाजूंना कठडा द्या आणि वर पिशवी टेकवायला एक ओटा ठेवा.

आईवडिलांची खोली खालीच हवी, यावर घरात वाद होऊ देऊ नका. त्या खोलीला लागून बाथरूम हवं: ५ बाय ८ पुरतं, दार ३ फुटांचं आणि बाहेर उघडणारं. आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाने अडतं. उंबरा नको. धरायचे दांडे आज लावणार नसाल तरी कुठे लागतील ते ठरवून तिथली भिंत भक्कम करून घ्या. आमचा पलंग साडेसहा बाय सहाचा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट सोडले आणि कपाटाचं दार उघडायला जागा ठेवली, की १० बाय १२ची खोली भरली. म्हणून खोलीचं माप आधी आणि सामान नंतर असं करू नका; घरात राहणारच आहे ते प्रत्येक कपाट, शिवणयंत्र, आजोबांची पेटी मोजून घ्या.

पूर आला तर याच माणसांना वर न्यायचं आहे. त्यामुळे जिन्यात कंजूषपणा करू नका. नियमाप्रमाणे पायरीची उंची १९ सेंटिमीटरपर्यंत चालते, पण ती म्हाताऱ्या गुडघ्यांना फार होते. १० फुटांच्या मजल्याला ६ इंच उंचीचे वीस चढ लागतात. पाय ठेवायला ११ इंच धरले, साडेतीन फूट रुंदी घेतली आणि मध्ये जिना वळतो तिथे तेवढाच सपाट थांबा ठेवला, तर जिना साधारण ७ बाय १२ फूट जागा खातो. बहुतेक घरांत जिना शेवटी, उरलेल्या जागेत कोंबला जातो. तो पहिल्यांदा बसवा. त्याच्या शेजारी दोन्ही मजल्यांवर एकावर एक ५ बाय ५ची जागा राखा: आज खाली कोठार, वर कपाट, उद्या लिफ्ट. स्लॅबमध्ये तेवढा चौकोन नंतर काढता येईल असं आताच सांगून ठेवावं लागतं. आणि वर एक छोटा ओटा, नळ आणि शेगडीची सोय. २०२४ला तीन दिवस आम्ही शेजाऱ्यांच्या पहिल्या मजल्यावर अकरा माणसं होतो आणि स्वयंपाक बाथरूमच्या दारात बसून झाला.

स्वयंपाकघराची यादी जी रोज पोळ्या लाटते तिनेच सांगावी. ओट्याची उंची सगळीकडे ३३-३४ इंच करतात. तुम्ही कोपरापासून जमिनीपर्यंत माप घ्या आणि त्यातून ५ इंच वजा करा. नळाच्या गॅसची लाइन कुठून येते, फ्रिजचं दार कोणत्या बाजूला उघडतं, पोळ्या आणि फोडण्या एकाच वेळी चालल्या तर दोघींची धडक होते का, हे लिहा. समोरासमोर दोन ओटे असतील तर मध्ये ४ फूट तरी हवेत. मागच्या बाजूला चोकडी, म्हणजे नळाखालची बांधीव मोरी, ठेवाच, भांडी घासायला. गुजराती शेजारणींकडून आलेली ही सोय आमच्या तीन पिढ्यांनी सोडलेली नाही. कचऱ्याचे डबे, वॉशिंग मशीन, माळ्यावर जाणारी मोठी पातेली यांना जागा नेमून द्या.

हॉल किती मोठा, हे सोफ्यावरून ठरवू नका, गौरी-गणपतीवरून ठरवा. पंगतीत माणसामागे २ फूट लागतात. १८ फूट लांबीत नऊ पाटांची एक रांग बसते. माणूस आणि पान मिळून ४ फूट धरा. दोन रांगा समोरासमोर केल्या की ८ फूट आणि वाढायला मध्ये ४. म्हणजे १२ बाय १८च्या हॉलमध्ये अठरा माणसं एका पंगतीला जेवतात. आम्ही हॉल आणि जेवणाची खोली यांच्यात भिंत घातली नाही ती याचसाठी. झोपाळा हवा असेल तर कड्या स्लॅब ओतण्याआधी बीममध्ये बसवाव्या लागतात, आणि पुढेमागे चार-चार फूट मोकळं.

देवघर, मुख्य दार, शेगडीची दिशा यांत घरातल्या मोठ्यांच्या ज्या गोष्टी हलणार नाहीत त्या पहिल्याच दिवशी विचारून घ्या. नकाशा मंजूर झाल्यावर काकांनी शेगडी पूर्वेला मागितली, की पाण्याच्या आणि गॅसच्या सगळ्या लाइनी हलतात.

उन्हाचंही थोडं. इथे पश्चिमेची भिंत मेमध्ये संध्याकाळपर्यंत तापते आणि ते ऊन इतकं आडवं येतं, की छज्ज्याचा उपयोग होत नाही. जिना, बाथरूम, कोठार तिकडे टाका. उन्हाळ्यातला वारा मात्र नैऋत्येकडूनच येतो, म्हणून तिकडे उंचावर लहान खिडक्या ठेवा. दक्षिणेच्या ४ फूट उंच खिडकीवर २ फुटांचा छज्जा असेल, तर मेच्या दुपारी ऊन काचेवर येत नाही आणि डिसेंबरात खालच्या अर्ध्या भागातून आत येतं.

अगाशी, म्हणजे गच्ची, विसरू नका. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवशी, सगळं गोत वर असतं, लहान मुलं मागे न बघता पळतात. कठडा साडेतीन फुटांचा तरी असू दे. सोलर लावणार असाल तर ३ किलोवॅटला साधारण ३०० चौरस फूट लागतात. पॅनेल उंच सांगाड्यावर घेतले तर खाली वाळवणं आणि पतंग दोन्ही राहतात.

कागदांमध्ये टी.पी. स्कीम (नगररचना योजना), एन.ए. (बिनशेती परवानगी), माती परीक्षणाचा अहवाल आणि रजाचिठ्ठी, म्हणजे महापालिकेची बांधकाम परवानगी. काळी माती असेल तर पायाचा खर्च वेगळा धरा, कारण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते.

आणि शेवटचं काम, नकाशा महापालिकेत द्यायच्या आधी. रविवारी सकाळी प्लॉटवर जा, चुन्याची फक्की मारून सगळ्या खोल्या खऱ्या मापात आखा, दारांच्या जागी विटा ठेवा. घरातल्या प्रत्येकाला आपापली सकाळ तिथे चालून दाखवायला सांगा. माझ्या मुलाला आपली खोली कळली, नवऱ्याला गाडीचं दार भिंतीला लागतं हे कळलं. आई पलंगाच्या रेघेपासून निघून बाथरूमच्या विटेपर्यंत गेली आणि परत आली. अकरा पावलं, आणि मध्ये हात टेकायला काहीच नाही. ते दार आम्ही दुसऱ्या भिंतीत घेतलं. आता सहा पावलं आहेत आणि सगळ्या वाटेवर भिंत आहे. नकाशा परवाच रजाचिठ्ठीसाठी गेला.