ट्रेकसाठी कॅमेऱ्याची सॅक घेताय? या चुका टाळा

पावसाळा तोंडावर आला की ट्रेकिंगच्या ग्रुपवर हा प्रश्न हमखास येतो: "एक बॉडी आणि दोन लेन्स आहेत, कुठली बॅग घेऊ?" एवढ्या माहितीवर उत्तर देता येत नाही. बॉडी आणि दोन लेन्स जवळपास कुठल्याही बॅगेत मावतात. हरिश्चंद्रगडावर पाचनईहून सोप्या वाटेने जाणार की नळीच्या अवघड वाटेने चढणार, गडावर मुक्काम आहे का, वाटेत पाणी मिळेल का, तुमची पाठ किती लांब आहे, हे आधी सांगा. सह्याद्रीत वापरायची सॅक आधी ट्रेकची असावी लागते, कॅमेऱ्याची नंतर. बहुतेक फसगती हा क्रम उलटा झाल्यामुळे होतात.

फक्त कॅमेऱ्याचं वजन धरणं

फुलफ्रेम मिररलेस (मोठ्या सेन्सरची, आरसा नसलेली) बॉडी साधारण ६५० ते ७५० ग्रॅमची असते. नेहमीच्या वापराची २४-७० एफ २.८ झूम लेन्स ७०० ते ९०० ग्रॅम, वाइड लेन्स अर्धा किलो, बरा ट्रायपॉड दीड किलो. म्हणजे साडेतीन किलो इथेच झाले. पक्ष्यांसाठी १५०-६०० किंवा २००-६०० ही लांबची लेन्स घेतली तर तिचेच दोन किलो. यात तीन लिटर पाणी, म्हणजे तीन किलो, शिवाय डबा, जॅकेट, टॉर्च, प्रथमोपचाराचं सामान. आणि सॅकचं स्वतःचं वजन. जाड पॅडिंगमुळे कॅमेऱ्याची सॅक रिकामी असतानाच दीड-दोन किलोंची असते, हे दुकानात कोणी बोलत नाही. सगळं मिळून दहा किलोंच्या आसपास जातं. पाठीवरचं ओझं शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावं, असा ट्रेकर्सचा साधारण ठोकताळा आहे. साठ किलोंच्या माणसाचं ओझं बाराच्या आत राहायला हवं, आणि एका दिवसाच्या ट्रेकला त्याहून बरंच कमी.

लिटरच्या आकड्यावरही भुलू नका. तीस लिटरची सॅक म्हणून घेता, पण निम्मी जागा पॅडिंगच्या कप्प्याने खाल्लेली असते. रेनजॅकेट आणि जेवणाचा डबा कुठे जाणार, ते दुकानातच घालून बघा.

वर्षातून मोजकेच ट्रेक होत असतील आणि त्यातही मुक्काम असेल, तर खास कॅमेऱ्याच्या सॅकवर पैसे घालूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. चांगली ४५-५० लिटरची ट्रेकिंग सॅक घ्या आणि पॅडिंगचा सुटा कप्पा, ज्याला दुकानदार इन्सर्ट किंवा क्यूब म्हणतात, तो तिच्यात बसवा. ट्रेक नसेल तेव्हा तोच क्यूब ऑफिसच्या बॅगेतही जातो.

पाठ न मोजणं

सर्वांत महाग पडणारी चूक ही. उंची बघून सॅक घेतली जाते, पण सारख्या उंचीच्या दोन माणसांच्या पाठीच्या लांबीत चांगलाच फरक असू शकतो. मान पुढे झुकवा. मानेच्या खाली जे हाड सर्वांत वर आलेलं लागतं, ते एक टोक. दोन्ही हात कमरेवर ठेवा, अंगठे मागे. दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ हे दुसरं टोक. मधलं अंतर घरच्या कोणाला तरी टेपने मोजायला सांगा. पट्ट्यांची जोडणी वरखाली करता येणारी, किंवा पाठीच्या लांबीनुसार मापं असलेली सॅक या आकड्यावरून निवडा.

कमरेचा पट्टा हा सॅकचा खरा आधार आहे. कॅमेऱ्याच्या अनेक बॅगांना एक बारीक, बिनपॅडिंगची पट्टी लावलेली असते. ती फक्त बॅग हलू देत नाही, वजन पेलत नाही. पट्टा रुंद हवा, कमरेच्या हाडाच्या कडेवर बसायला हवा, पोटावर नाही. सॅक चढवतानाचा क्रमही ठरलेला असू द्या: आधी कमरेचं बकल आवळायचं, मग खांद्याचे पट्टे, मग खांद्यावरून सॅककडे जाणारे छोटे तिरके पट्टे, शेवटी छातीचा पट्टा, तोही श्वास अडणार नाही इतपतच.

चालताना काय दुखतं त्यावरून दोष कळतो. खांदे भरून आले तर कमरेचा पट्टा सैल आहे किंवा खाली घसरलाय. सॅक मागे ओढतेय असं वाटलं तर तिरके पट्टे आवळा. तरी फरक पडला नाही तर जड सामान पाठीपासून लांब बसलंय. जड लेन्स पाठीला चिकटून, साधारण पाठीच्या मध्यावर यायला हवी. अनेक सॅकांमध्ये कॅमेऱ्याचा कप्पा अगदी तळाशी असतो आणि वर कपडे. शहरात ते चालतं, चढावर सगळं ओझं खाली लोंबकळतं. शिवाय सांदण दरीसारख्या ठिकाणी, जिथे साचलेल्या पाण्यातून पाय टाकत पुढे जावं लागतं आणि पावसाळ्यानंतर ते पाणी कमरेपर्यंतही असू शकतं, तिथे भिजण्याचा पहिला मान कॅमेऱ्याचाच लागतो. अशा ठिकाणी कप्पा रिकामा करून कॅमेरा ड्रायबॅगमध्ये (पाणी आत न शिरणाऱ्या पिशवीत) घालून डोक्याच्या पातळीवर धरावा.

ऑनलाइन मागवली असेल तर टॅग न काढता घरी पूर्ण सामान भरा, पाण्यासकट, आणि इमारतीचा जिना चार-पाच वेळा चढून उतरा. सॅक दुखणारी असेल तर ती इथेच कळते, आणि परत पाठवायला वेळही असतो.

बाहेरच्या बाजूने उघडणारी सॅक

सॅकचा मुख्य कप्पा कुठून उघडतो, यावर पावसातले अर्धे हाल ठरतात. बाहेरच्या बाजूने उघडणारी सॅक उघडायची म्हणजे पाठीची बाजू जमिनीवर टेकवावी लागते. जुलैत नाणेघाटाच्या पठारावर ती लाल चिखलातच टेकणार, आणि तोच चिखल नंतर शर्टाला. त्याहून मोठी अडचण म्हणजे चेन रेनकव्हरच्या आत असते, त्यामुळे प्रत्येक फोटोला कव्हर काढायचं, वाऱ्यात ते सांभाळायचं, पुन्हा चढवायचं. असं दोनदा झालं की माणूस कॅमेरा काढणंच सोडून देतो.

पाठीकडून उघडणारी सॅक घ्या. खांद्याचे पट्टे उतरवा, कमरेचा पट्टा थोडा सैल करा पण बकल सोडू नका, आणि सॅक फिरवून पोटासमोर आणा. पाठीची बाजू आता वर आली. चेन उघडायची, लेन्स बदलायची, चेन बंद. सॅक जमिनीला टेकत नाही, रेनकव्हर जागच्या जागी राहतं, पोंचो वर असेल तर त्याच्या आडोशालाच सगळं उरकतं. गर्दीच्या लोकलमध्येही हीच सॅक सुरक्षित, कारण चेन तुमच्या पाठीला लागून असते. तोटा एकच: पाठीचा घाम त्या बाजूला मुरतो. म्हणून कप्प्याच्या त्या पडद्याला आतून लेन्सचं कापड लावून ठेवू नका.

कॅमेरा सतत हाताशी हवा असेल तर खांद्याच्या पट्ट्यावर बसणारी क्लिप उत्तम. मात्र कातळटप्पा किंवा शिडी आली की कॅमेरा आत. छातीवर कॅमेरा असताना पायाखालची खोबण दिसत नाही.

जाड, पसरट सॅक आणि आडवा ट्रायपॉड

हरिहर गडाच्या कोरीव पायऱ्यांवर सॅकची खरी परीक्षा होते. पायऱ्या उभ्या, एका वेळी एकच माणूस जाईल एवढ्या, हात धरायला दोन्ही बाजूंना खोबण्या. मागे फुगलेली सॅक शरीराला बाहेर ओढते. उतरणारा माणूस अंग चोरून उभा असतो, त्याला सॅकच्या बाजूने बाहेर आलेला ट्रायपॉड लागला तर दोघांच्याही जिवाशी खेळ होतो. अशा गडांसाठी सॅक खांद्यांच्या रुंदीत मावणारी, चपटी हवी. ट्रायपॉड उभा, दोन ठिकाणी घट्ट बांधलेला, आणि त्याचं डोकं तुमच्या डोक्याच्या वर जाणार नाही असा. बाजूला लावला तर दुसऱ्या बाजूला पाण्याची बाटली लावून तोल साधतो, पण पाणी संपत जाईल तसा तो बिघडतो. कारवीच्या दाट रानात बाहेर लोंबणारा प्रत्येक पट्टा फांद्यांत अडकतो, म्हणून पट्ट्यांची टोकं गुंडाळून टेपने बांधा.

रेनकव्हरवर भिस्त ठेवणं

रेनकव्हर पाठीची बाजू झाकत नाही. मानेवरून ओघळणारं पाणी पाठ आणि सॅकच्या मधून उतरतं आणि कव्हरच्या तळाशी साठतं. तळाला पाणी निघायला भोक नसेल तर सॅक त्या पाण्यातच बसलेली असते. "वॉटर रेझिस्टंट" म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे. चेनच्या शिवणीतून पाणी आत येतंच. म्हणून रेनकव्हर हवंच, पण कॅमेरा ड्रायबॅगमध्ये, तीही नसेल तर दोन जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांमध्ये हवा. कव्हरला दोरी किंवा क्लिप आहे ना, ते बघा, नाहीतर घाटमाथ्यावरचा वारा ते दरीत नेतो. पाण्याची ब्लॅडर, म्हणजे नळीने पाणी प्यायची पिशवी, कॅमेऱ्याच्या कप्प्यात कधीही ठेवू नका.

लेन्सवर वाफ धरत असेल तर दोष बहुतेकदा गाडीच्या एसीचा असतो. थंड झालेली काच दमट हवेत आली की तिच्यावर पाणी जमतं. सॅक एसीच्या झोतात ठेवू नका, आणि पायथ्याला उतरल्यावर अर्धा तास बंदच राहू द्या. कापडाने पुसत बसलात तर वाफ पुन्हा धरते.

माकडांचंही लक्षात असू द्या. अनेक गडांवर ती खाण्याच्या वासाने थेट सॅकवर येतात. खाऊ आणि कॅमेरा एकाच कप्प्यात नको.

परतल्यावर सॅक तशीच कोपऱ्यात टाकणं

रात्री उशिरा घरी पोचून भिजलेली सॅक दाराआड ठेवली जाते, कॅमेरा आतच. लेन्सवर बुरशी धरते ती इथे. फोम दिवसेंदिवस ओल धरून ठेवतो. कितीही थकलेले असा, त्याच रात्री कॅमेरा आणि लेन्स बाहेर काढा, कप्प्याच्या भिंती सुट्या करा, सॅक पूर्ण उघडून पंख्याखाली टांगा. चेनमधला चिखल वाळल्यावर जुन्या टूथब्रशने काढा. चेन जड जात असेल तर तिच्या दातांवरून मेणबत्ती फिरवा. सॅक वॉशिंग मशिनमध्ये घालू नका, आतलं कोटिंग सुटून चिकट होतं. कॅमेरा एरवी सॅकमध्ये नाही, तर हवाबंद डब्यात ठेवा, आत ओल शोषणारं सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की ते बदला, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला डबा उघडून तपासा.