ओपीडीच्या तारखेचा घोळ : कसा टाळायचा, झालाच तर कसा निस्तरायचा

"तुमचं नाव आजच्या यादीत नाही." ओपीडीच्या काउंटरवर हे ऐकलं की आपण मोबाइल काढून मेसेज दाखवतो, पलीकडची व्यक्ती स्क्रीनकडे बोट दाखवते आणि वाद सुरू होतो. गंमत अशी की बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. तुमची अपॉइंटमेंट ही ठरावीक डॉक्टरांच्या ठरावीक दिवसाच्या यादीतली एक नोंद असते. मेसेज त्या नोंदीवरून कधीतरी निघालेला असतो. नंतर डॉक्टर रजेवर गेले, ओपीडीचा वार बदलला, कुणी नोंद दुसऱ्या यादीत ढकलली, तर जुन्या मेसेजला त्याचा पत्ता नसतो. म्हणून घोळ टाळताना आणि निस्तरताना लक्ष नोंदीवर ठेवायचं.

१. तारीख घेतानाच उलटतपासणी करा

तारीख मिळाली की "बरं, चालेल" म्हणून फोन ठेवण्याची घाई होते. त्याआधी एवढं विचारून घ्या: नोंद कोणत्या डॉक्टरांच्या नावावर आहे? नवीन रुग्ण म्हणून आहे की फॉलोअप म्हणून? प्रत्यक्ष यायचं आहे की डॉक्टर फोन करणार आहेत? कोणत्या इमारतीत, कोणत्या मजल्यावर? आणि नोंदीचा क्रमांक काय?

नवीन की फॉलोअप हा प्रश्न फुटकळ वाटतो, पण तसा नाही. नव्या रुग्णाला सहसा जास्त वेळ धरलेला असतो आणि काही ठिकाणी दोन्हींच्या ओपीडी वेगवेगळ्या दिवशी असतात. चुकीच्या प्रकारात नाव पडलं तर तारीख बरोबर असूनही परत पाठवलं जाऊ शकतं.

तारीख नेहमी वारासकट बोलून घ्या. "मंगळवार, चौदा तारीख" असं तुम्ही म्हणालात आणि चौदाला गुरुवार असेल, तर चूक जागच्या जागी पकडली जाते. नुसत्या आकड्यांचा भरवसा धरू नका. ०४/०५ म्हणजे कुठे ४ मे, तर कुठे ५ एप्रिल. हे त्या संगणकप्रणालीत महिना आधी लिहितात की दिवस, यावर अवलंबून असतं. महिन्याचं नाव उच्चारून घेतलं की प्रश्न मिटला.

मग हे सगळं एका जागी लिहा. फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलेलं उत्तम, कारण फोन बंद पडतो. कोणाशी बोललात आणि कधी, हेही टिपून ठेवा. पुढे वाद झालाच, तर "मला कुणीतरी सांगितलं होतं" यापेक्षा "सोमवारी सकाळी नोंदणी विभागातून अमुक यांनी सांगितलं" याला वजन असतं.

२. तुमच्या नावाच्या दोन फाइली नाहीत ना, ते पाहा

घोळांच्या मुळाशी अनेकदा दुहेरी नोंदणी असते. एकदा माहेरच्या नावाने नोंदणी झाली, एकदा सासरच्या. एकदा मधलं नाव लिहिलं, एकदा गाळलं. स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे झालं. संगणकाच्या लेखी या दोन व्यक्ती आहेत. तपासण्या एका क्रमांकाखाली, अपॉइंटमेंट दुसऱ्याखाली, आणि डॉक्टरांसमोर कोरी फाइल.

वेगवेगळ्या कागदांवरचे नोंदणी क्रमांक एकदा शेजारी ठेवून पाहा. दोन निघाले तर नोंदणी विभागाला ते एकत्र करायला सांगा आणि काम झाल्यावर कोणता क्रमांक चालू राहणार ते विचारा. क्रमांक सापडत नाही म्हणून "नवीन केसपेपर काढा" असं कुणी सुचवलं, तर आधी जन्मतारखेवरून जुना शोधायला लावा. सोय म्हणून काढलेला तिसरा क्रमांक पुढे फार छळतो. जुना फोन नंबर नोंदीत राहिला असेल तर तोही याच वेळी बदलून घ्या; नाहीतर तारीख बदलल्याचा निरोप भलत्याच माणसाला जात राहील.

ओळख पटवण्याची एक साधी पद्धत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली रुग्णसुरक्षेचे जे नऊ उपाय जाहीर केले, त्यात रुग्णाची ओळख किमान दोन खुणांनी पटवावी असं म्हटलं आहे, उदाहरणार्थ नाव आणि जन्मतारीख. हे आपल्या बाजूनेही पाळता येतं. नाव पुकारलं की नुसती मान हलवू नका. पूर्ण नाव आणि जन्मतारीख स्वतः सांगा. ऐकू कमी येणारे आजोबा कुठल्याही नावाला "हो हो" म्हणत आत जातात आणि दुसऱ्याच्या रिपोर्टवर चर्चा सुरू होते. सोबत जाणाऱ्याने इथे कान उघडे ठेवायचे.

३. दोन-तीन दिवस आधी नोंद पडताळा

फोन करून "माझी अपॉइंटमेंट आहे ना?" असं विचारलं की "हो" येतं. त्याऐवजी "माझ्या नावावर पुढे कोणकोणत्या नोंदी दिसतात, ते वाचून दाखवता का?" असं विचारा. मग समोरच्याला यादी उघडावीच लागते, आणि कधी तुम्हाला ठाऊक नसलेली दुसरी तारीखही बाहेर येते.

तारीख बदलल्यावर येणारे मेसेज हा तर स्वतंत्र वैताग. अनेक प्रणालींत तारीख बदलणं म्हणजे जुनी नोंद रद्द करून नवी तयार करणं. त्यामुळे एक मेसेज रद्द झाल्याचा येतो, एक नव्या तारखेचा. रद्द झाल्याचा नंतर पोचला की माणूस समजतो, सगळंच रद्द झालं. मेसेजमध्ये कोणती तारीख रद्द झाली आहे ते वाचा; ते लिहिलेलं नसेल तर फोन कराच.

त्याच फोनमध्ये रिपोर्टबद्दलही विचारा. रिपोर्ट आलेलाच नसताना डॉक्टरांसमोर बसण्यात काही अर्थ नाही. बायोप्सीसारख्या तपासणीला काही दिवस लागतात आणि तारीख देणाऱ्याला ते माहीत असेलच असं नाही.

४. काउंटरवर "नाव नाही" म्हटलं तर

आवाज चढवायची इच्छा होते, आणि ती रास्तही आहे. पण समोर बसलेल्याने ती यादी बनवलेली नसते, आणि शोधायचं कामही त्यालाच करायचं असतं. नाव, जन्मतारीख, नोंदणी क्रमांक द्या आणि क्रमाने विचारा:

"आज नसेल तर दुसऱ्या कोणत्या दिवशी दिसतंय का? याच विभागात दुसऱ्या डॉक्टरांच्या यादीत आहे का? रद्द झालेल्या नोंदींत बघता का, आणि रद्द कधी झाली?"

नोंद यापैकी कुठेतरी बहुधा सापडते. रुग्णालयाने ती हलवली असेल आणि तुम्हाला कळवलं नसेल, तर आजच पाहण्याची सोय होईल का, असं ओपीडीच्या नर्सला किंवा प्रभारींना विचारा. यादीत नाव घालायचं की नाही, हे बऱ्याचदा काउंटरच्या हातात नसतं.

एक गोष्ट मात्र घोळ समजू नका. तुम्हाला आणि शेजारच्याला एकच वेळ दिलेली असेल, तर ती चूकच असेल असं नाही. १९५२ साली नॉर्मन बेली या संख्याशास्त्रज्ञाने ओपीडीच्या रांगांचा गणिती अभ्यास मांडला. सुरुवातीला दोन रुग्ण एकदम बोलवावेत आणि पुढच्यांना सरासरी तपासणीच्या वेळेइतकं अंतर ठेवून, असा त्याचा सल्ला होता. पहिला रुग्ण आला नाही तरी डॉक्टर रिकामे बसू नयेत, हा हिशेब. एकाच वेळेला तिघा-चौघांना बोलवणाऱ्या आजच्या ओपीडींना मात्र बेलीचा आधार घेता येणार नाही.

५. नवी तारीख घेण्याआधी जुनीचा निकाल लावा

बहुतेक जण इथेच चुकतात. वैतागून मिळेल ती तारीख घेतात आणि बाहेर पडतात. त्याआधी जुन्या नोंदीसमोर काय शेरा पडला ते विचारा. रुग्णालयाने रद्द केलेली तारीख तुमच्या नावावर "गैरहजर" म्हणून पडली, तर काही ठिकाणी केस बंद करून तुम्हाला मूळ डॉक्टरांकडे परत पाठवतात. शेरा चुकीचा असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या. रेफरन्स चिठ्ठी अजून ग्राह्य आहे का आणि प्रतीक्षायादीत तुमचा नंबर मागे तर गेला नाही ना, तेही विचारा.

आणि मग औषधं. तारीख पुढे गेली म्हणजे फक्त कॅलेंडर बदललं असं होत नाही. औषध पुढच्या भेटीपर्यंतच लिहून दिलेलं असेल तर मधल्या काळाची चिठ्ठी मागा. एखाद्या प्रक्रियेसाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद करायला सांगितल्या असतील आणि प्रक्रियाच पुढे ढकलली, तर त्या पुन्हा केव्हा सुरू करायच्या हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा; स्वतःच्या मनाने चालू किंवा बंद ठेवू नका. उपाशीपोटी साखर तपासायला किमान ८ तास काही खाल्लेलं चालत नाही, पाणी चालतं. मधुमेहाचा रुग्ण असा उपाशी येऊन बसला आणि तपासणी लांबली, तर थांबायचं की खायचं हे लगेच विचारून घ्या. इन्सुलिन घेणाऱ्याला ताटकळत ठेवणं धोक्याचं आहे.

छातीत दुखणं, धाप लागणं, अंगाची एक बाजू लुळी पडणं, शुद्ध हरपणं असं काही झालं तर ओपीडीच्या तारखेचा विचारच करायचा नाही, थेट तातडीच्या विभागात जायचं. त्रास हळूहळू वाढत असेल तर तसं मूळ डॉक्टरांना कळवा. तातडीचा शेरा तेच देऊ शकतात, नोंदणी विभाग नाही.

६. तक्रार करायची असेल तर

तारीख मिळवणं आणि तक्रार करणं ही दोन कामं वेगळी ठेवा. एकाच पत्रात दोन्ही घातलं की पत्र तक्रारींच्या गठ्ठ्यात जातं आणि तारीख लटकते. आधी फोनवर तारीख पक्की करा, मग लेखी तक्रार द्या.

तक्रार एका पानाची पुरते. काय ठरलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, त्यामुळे काय नुकसान झालं, आणि तुम्हाला काय हवं आहे. रजा वाया गेली, प्रवासाचा खर्च झाला, तपासणी लांबली, हे नेमकेपणाने लिहा. "अत्यंत भोंगळ कारभार" वगैरे लिहून मनाला बरं वाटतं, पण उत्तर देणाऱ्याला त्यात पकडण्यासारखं काही नसतं. मेसेजचे स्क्रीनशॉट जोडा, पोच घ्या आणि मागणी तपासता येईल अशी ठेवा: "नोंद कोणी, कधी आणि का बदलली, हे कळवावं." अनेक रुग्णालयांच्या प्रणालींत नोंदीतला बदल कोणत्या लॉगिनमधून आणि कधी झाला ते साठवलेलं असतं. म्हणून मोघम दिलगिरीचं उत्तर आलं, तर हाच प्रश्न पुन्हा लेखी विचारा.