तिबेरियसचं नाणं, मातीतलं: घरच्या घरी प्रतिकृती कशी करावी

रोमन नाण्याची नक्कल म्हटली की चांदीचा मुलामा दिलेली चकती डोळ्यांपुढे येते. आपल्याकडे मात्र सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच ही नक्कल मातीत होत होती. धाराशिव जिल्ह्यातलं तेर (तेव्हाचं तगर), तेलंगणातलं कोंडापूर अशा सातवाहनकालीन ठिकाणी रोमन नाण्यांवर बेतलेल्या भाजक्या मातीच्या चकत्या सापडल्या आहेत. अनेकींना भोक किंवा कडी आहे, म्हणजे त्या खर्चायच्या नव्हत्या, अंगावर मिरवायच्या होत्या! तशीच एक करू.

१. नमुन्याला रोमन सम्राट तिबेरियसचा (राज्यकाळ इ.स. 14 ते 37) देनारियस, म्हणजे रोमन चांदीचं नाणं, घ्या. भारतात मिळालेल्या रोमन चांदीच्या नाण्यांत आधीचा सम्राट ऑगस्टसची आणि याचीच नाणी जास्त. एका बाजूला पानांचा मुकुट घातलेलं सम्राटाचं डोकं, दुसरीकडे बसलेली स्त्री. ती त्याची आई लिव्हिया असावी, असं अनेक जण मानतात. साचा काढायला बाजारातली धातूची प्रतिकृतीच वापरा. अस्सल नाण्यावर हा प्रयोग नको, त्याच्यावरचा जुना थर खरवडला जातो.

२. नाणं गुळगुळीत फरशीवर ठेवा, भोवती मातीचा बांध घाला, व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवा आणि पीओपी ओता. जाड थर दिलात तर अक्षरं बुजतील. पीओपी घट्ट होताना गरम होतं. ते गार झाल्यावरच नाणं सोडवा. दुसऱ्या बाजूचा साचा असाच.

३. कुंभाराकडची चाळलेली माती मळून छोटी गोळी करा आणि दोन साच्यांमध्ये दाबा. साचा पाणी शोषतो, त्यामुळे थोड्या वेळाने चकती आपोआप सुटते. ओलसर असतानाच डोक्याच्या वर सुईने भोक पाडा. वाळल्यावर पाडायला गेलात तर तडकेल.

४. सावलीत वाळवा, मग कुंभाराच्या आव्यात भाजून घ्या. वाळताना-भाजताना माती साधारण दहा टक्के आटते, म्हणून 18 मि.मी.चं नाणं जेमतेम 16 मि.मी.चं होईल. धातूचं ओतीव काम थंड होतानाही थोडं आकसतं. त्यामुळेच संशयास्पद नाणं आलं की जाणकार आधी व्यास आणि वजन मोजतात, मग कडेवर साच्याची शिवण शोधतात. अस्सल देनारियस ओतीव नसे. तो दोन ठशांमध्ये ठेवून हातोड्याने पाडलेला असे.

सोनेरी रंग मात्र देऊ नका, मातीचा तांबूसपणाच शोभतो. धातूची प्रत करणार असाल तर तिच्यावर ‘प्रतिकृती’ असं कोरा. अमेरिकेत 1973च्या कायद्यानुसार नक्कल-नाण्यावर तशी खूण सक्तीची आहे.