हजरजबाबी माणूस इथं आपटतो: इम्प्रॉव्हच्या बैठकीला पहिल्यांदा जाताना

चहाच्या टपरीवर भल्याभल्यांना गप्प करणारा गडी इम्प्रॉव्हच्या, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसं नाटक खेळायच्या, बैठकीला आला की पहिल्या दिवशी बहुतेकदा आपटतो. टपरीवर समोरच्याची बोलती बंद झाली की आपण जिंकलो. इथं समोरच्याची बोलती बंद झाली की सीन मेला, आणि त्याच्याबरोबर आपणही. संहिता नाही, पाठांतर नाही. पुढचं वाक्य समोरच्याच्याच तोंडातून यायचं असतं, तेव्हा त्याला बोलतं ठेवणं हेच तुमचं मुख्य काम.

तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या समोरच्याचं वाक्य झेलून जागच्या जागी फुलवतो, त्यामुळे हा प्रकार आपल्याकडं अगदी परका नाही. आजच्या बैठकांत खेळले जाणारे बरेचसे खेळ मात्र व्हायोला स्पोलिन या अमेरिकन नाट्यशिक्षिकेच्या शिकागोतल्या कामातून आलेत. १९३० च्या दशकाच्या शेवटी स्थलांतरितांच्या वस्तीतल्या मुलांबरोबर काम करताना त्यांनी ते घडवले. म्हणजे हे खेळ नटांसाठी जन्मलेले नाहीत, त्यामुळे ‘मला अभिनय येत नाही’ ही सबब इथं चालत नाही.

जाण्याआधी एक फरक समजून घ्या. शो म्हणजे तिकीट काढून बघायचं. कार्यशाळेत कुणीतरी शिकवतं आणि त्याची फी असते. जॅममध्ये मात्र जो येईल तो खेळतो. नवख्यानं जॅम शोधावा. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी अशा शहरांत सरळ ‘इम्प्रॉव्ह’ अशी पाटी सापडेलच असं नाही. विद्यापीठातल्या नाट्यशास्त्र विभागाची पोरं, कॉलेजांचे एकांकिकेचे गट, स्टँडअपच्या ओपन माइकला येणारी मंडळी यांच्यात विचारत गेलं की धागा लागतो. फोनवर चार गोष्टी विचारा: नवखे चालतात का, पहिल्या दिवशी नुसतं बघत बसता येतं का, पैसे कशाचे आणि किती, आणि संपतं किती वाजता. तालुक्याच्या गावाहून येणार असाल तर चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण मंडळी रंगात आली की घड्याळ कुणी बघत नाही आणि शेवटची एसटी थांबत नाही. एप्रिल-मे मध्ये दुपारची बैठक ठेवणाऱ्या गटाला सरळ सकाळी साडेसहाची वेळ सुचवा. पत्र्याखाली चाळीस अंशांत कुणाला काही सुचत नसतं.

आसपास गटच नसेल तर चौघांत सुरू करता येतं, सहा ते दहा माणसं असली तर उत्तम. हिशोब असा: दोन तासांतला अर्धा तास अंग आणि तोंड मोकळं करण्यात जातो. उरलेल्या नव्वद मिनिटांत एक सीन तीन मिनिटांचा आणि मधली उठबस दोन मिनिटांची धरली तर अठरा सीन होतात. दोघादोघांचे धरले तर छत्तीस पाळ्या. आठ माणसांत प्रत्येकाला चार-साडेचार येतात, सोळांत जेमतेम दोन. दोन पाळ्यांसाठी कुणी पुढच्या रविवारी परत येत नाही.

जागा दहा बाय बारा फुटांची असली तरी पुरते, गच्चीही चालते. सतरंजी मात्र गुंडाळून ठेवा, ती पायात गोळा होते आणि माणूस सीनमध्ये नको तिथं पडतो. बिनहाताच्या दोन खुर्च्या लागतात. हात असलेल्या खुर्चीत फक्त बसता येतं, बिनहाताच्या खुर्चीची मोटारसायकल होते, बैलगाडी होते, दवाखान्यातली खाट होते. उकिडवं बसता येईल असे कपडे घाला, ओढणी कमरेला बांधा, खिशातला फोन आणि किल्ल्या बाहेर ठेवा.

पहिले खेळ गोलात उभं राहून होतात. एकजण नाव सांगत एखादी कृती करतो, सगळे ती जशीच्या तशी परत करतात. मग झिप-झॅप-झॉप: टाळी वाजवत कुणाकडं तरी ‘झिप’ फेकायचं, त्यानं तिसऱ्याकडं ‘झॅप’, त्यानं ‘झॉप’, आणि परत पहिल्यापासून. चुकलात तर सगळे टाळ्या वाजवतात. तो टोमणा नसतो. चुकल्यावर खांदे पाडायची आपली शाळेपासूनची सवय मोडायला ही टाळी असते, तेव्हा तीही हसत घ्या.

यानंतर येते एकेका शब्दाची गोष्ट. प्रत्येकानं एकच शब्द टाकायचा, वाक्य फिरत पुढं जातं. मराठीत हा खेळ इंग्रजीपेक्षा अवघड जातो. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे पाच जणांनी रचलेलं वाक्य सहाव्याच्या गळ्यात पडतं. वर लिंगाची भानगड. कुणी ‘काळी’ म्हटलं की पुढच्याला म्हैस, शेळी, विहीर असलंच काहीतरी आणावं लागतं. ज्यानं आधीपासून मनात ‘कुत्रा’ धरून ठेवलाय तो तिथंच अडकतो. तो अडकतो हाच खेळाचा फायदा आहे, कारण मनात ठरवून बसलेला माणूस ऐकत नसतो हे तिथं उघडं पडतं. विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडूनच घ्यायचं: ‘विहिरीवर’ हा एक शब्द.

आता सीन. बसलेल्यांपैकी कुणीतरी एक सूचना देतं, समजा ‘बसस्टँड’. पहिल्या तीन वाक्यांत तुम्ही दोघं एकमेकांचे कोण, कुठं आहात आणि काय चाललंय एवढं कळलं पाहिजे. एकजण उकिडवा बसून छातीशी काहीतरी धरतो. दुसरा येऊन म्हणतो, ‘दाजी, आईनं दिलेली कोंबडी तुम्ही स्टँडवरनंच परत पाठवायलाव, हे काय बरं नाही.’ एका वाक्यात नातं आलं, जागा आली, कोंबडी आली, तक्रार आली. आता दाजीनं ‘कोंबडी कुठंय, लॅपटॉप आहे हा’ असं म्हटलं तर बसलेले हसतील. पण आई, सासुरवाडी, तक्रार सगळं एका फटक्यात गेलं आणि मेहुणा रिकाम्या हातानं उभा राहिला. याला ब्लॉक करणं म्हणतात. हजरजबाबी माणूस आपटतो तो नेमका इथं.

त्याऐवजी दाजी म्हणतो, ‘तीन दिवसांत एक अंडं नाही दिलं बापू. आन् रात्रभर माझ्या उशाला बसून टक लावून बघायलीय.’ मेहुणा म्हणतो, ‘आईनंच सांगितलंय तिला, तुमच्यावर लक्ष ठेवायला.’ झालं. कोंबडी आता सासूची हेर आहे. पुढची दोन मिनिटं हाच धागा ताणायचा: कालची कुठली बातमी पोचली, कोंबडीसमोर काय बोलायचं नाही, खुराड्यात आणखी कोण कोण कामाला आहे. नवीन साप, नवीन भूत, नवीन पोलीस आणायची गरज नाही. नवख्यांचे सीन बहुतेक वेळा माल कमी पडून मरत नाहीत, जास्त झाल्यानं मरतात.

‘हो, आणि’, म्हणजे समोरच्याचं मान्य करा आणि त्यात भर घाला, हा नियम सगळीकडं सांगितला जातो, पण निम्मे लोक तो चुकीचा घेतात. समोरच्यानं उभं केलेलं जग तुम्ही मान्य करायचं असतं, तुमच्या पात्रानं प्रत्येक मागणीला मान डोलवायची नसते. ‘भावजी, पाच हजार द्या’ याला ‘नाही’ म्हणता येतं, फक्त तुम्ही त्याचे भावजी आहात हे नाकारता येत नाही. आणि ‘मागचे पाच हजार घेऊन तू बैल नाही, बँजो आणलास’ असं म्हणालात तर नकारातूनसुद्धा सीन पुढं सरकतो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे प्रश्न. ‘तू कोण? काय करायलास? कामून आलास?’ असे तीन प्रश्न विचारले की सगळं रचायचं काम समोरच्यावर पडतं. प्रश्न आला की त्याचं विधान करा: ‘कामून आलास?’ऐवजी ‘पंचायतीनं तुला पाठवलंय, दिसतंय मला.’ हवेतल्या वस्तूही सांभाळा. तुम्ही माठ डावीकडं ठेवलात आणि समोरचा त्या माठातून चालत गेला तर बसलेल्यांना तो फुटलेला दिसतो. अशा वेळी ‘माठ फोडलास’ म्हणून पुढं जायचं, चूक झाकायची नाही.

‘फ्रीझ’ नवख्यांना आवडतो आणि तोच बिघडतो. दोघं खेळत असताना कुणीतरी ‘फ्रीझ’ ओरडतं, दोघं आहेत तिथं गोठतात, ओरडणारा एकाच्या खांद्यावर थाप मारून त्याची जागा आणि त्याची तीच ढब घेतो, आणि तिथून वेगळाच सीन सुरू करतो. बिघडतो कारण लोक घरून तयार करून आणलेला विनोद घालायला संधी बघत बसतात. उपाय एकच: हात-पाय विचित्र अडकलेले दिसले की आधी ओरडायचं, काय करायचं ते खांद्यावर हात पडल्यावर सुचू द्यायचं.

सीन कधी संपवायचा हे खेळणाऱ्यांनी ठरवायचं नाही. मोठा हशा आला की बाहेरच्या एकानं दोघांच्या पुढून पळत जायचं, तो कट. सुरुवातीचे काही दिवस फोनवर तीन मिनिटांचा गजर लावा, तेवढ्यानंही भागतं.

बोली बदलू नका. घरी ‘करायलो, बोलायलो’ म्हणत असाल किंवा दखनी बोलत असाल तर इथंही तसंच बोला. पुस्तकी मराठीत बोलायला गेलं की डोकं अर्धा सेकंद भाषांतरात जातं आणि वाक्य शिळं होऊन बाहेर येतं. मात्र नुसतं ‘कामून’ म्हणणं हा विनोद नव्हे. कुणाच्या बोलीवर, आडनावावरून काढलेल्या जातीवर, रंगावर, अंगावर आलेला हशा सोपा असतो, आणि ज्याच्यावर तो आला तो माणूस पुढच्या बैठकीला दिसत नाही. खेळ सुरू व्हायच्या आधी गटात विचारून घ्या की कुठं हात लागलेला चालेल, कुठले विषय नकोत. बाया-पुरुषांच्या मिश्र गटात हे दर वेळी विचारायचं, एकदा विचारून भागत नाही. सीन चालू असताना कुणी ‘थांबा’ म्हटलं तर कारण न विचारता थांबायचं.

बैठक संपल्यावर चहाला थांबा, पण दुसऱ्याच्या सीनची चिरफाड करू नका. स्वतःबद्दल एखाद्या जुन्या खेळाडूला एवढंच विचारा: ‘मी काय ऐकलं नाही?’ टपरीवरचा हजरजबाबी गडी सोडला तर पहिल्या दिवशी धास्तीपोटी माणूस नीट ऐकतो, म्हणून ती बैठक बरी जाते. दुसऱ्या वेळी थोडी भीड चेपलेली असते, मागचा हशा आठवत असतो, आपण हसवायला जातो आणि सगळं फसतं. हे जवळपास सगळ्यांचं होतं. जमतंय की नाही ते चौथ्या बैठकीनंतर ठरवा.