वारशात आलेली जुनी गाडी: विकायला काढण्यापूर्वीची तयारी

सुरुवातीचे काही दिवस गाडीला हात लावू नका. घरातलं माणूस गेल्यावर गॅरेज आवरायला घेतलं जातं आणि त्या आवराआवरीतच अशा गाडीची बरीचशी किंमत रद्दीत आणि भंगारात निघून जाते. धूळ खात उभी असलेली गाडी आधी धुवावीशी वाटते, बॅटरी लावून सेल्फ मारून पाहावासा वाटतो, कोपऱ्यातले गंजके खोके हलवावेसे वाटतात. ही तिन्ही कामं थांबवा. आधी गाडी आहे तशी टिपून घ्या: चारही बाजू, आतली आसनं, मीटरचा आकडा, बॉनेटखालचा भाग, डिकी, गाडीभोवतीची फळी न् फळी. किती वर्षं न हललेली गाडी आहे, हे त्या धुळीच्या फोटोंतून खरेदीदाराला दिसतं. अस्पर्श राहिलेली गाडी म्हणून पुढे विकायची झाली, तर हाच पुरावा उपयोगी पडतो.

त्याच दिवशी सगळ्या किल्ल्या गोळा करून एकाच माणसाकडे द्या. गाडीवर कर्जाचा बोजा आहे का ते पाहा. विमा कंपनीला मृत्यूची लेखी माहिती द्या, कारण पॉलिसी गेलेल्या माणसाच्या नावावर आहे आणि दावा करायची वेळ आली की नेमका तिथेच अडथळा येतो. उभ्या गाडीसाठी आग आणि चोरी एवढंच संरक्षण मिळत असेल, तर सध्या तेवढं पुरेसं आहे. विकण्याचा अधिकार कोणाचा, हे मृत्युपत्रावरून किंवा वारसाच्या कागदांवरून पक्कं होईपर्यंत कोणाकडूनही इसार घेऊ नका. वारस एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्यांची लेखी संमती आत्ताच घेऊन ठेवा. सौदा ठरल्यावर एकाने नाही म्हटलं की गिऱ्हाईक जातं आणि नात्यातही कडवटपणा येतो. आणखी एक गोष्ट जवळजवळ हमखास घडते. पहिल्या काही आठवड्यांतच ओळखीचं कोणीतरी ‘त्यांनी मला शब्द दिला होता’ म्हणत रोख रक्कम घेऊन येतं. माणूस प्रामाणिकही असेल, पण त्याला गाडीची किंमत माहीत आहे आणि तुम्हाला अजून नाही. नाव लिहून घ्या आणि मूल्यांकन झाल्यावर कळवतो म्हणून सांगा.

आता कागद. नोंदणीपत्र बहुतेक वेळा सापडतं, बाकीचं शोधावं लागतं. डॅशबोर्डचा कप्पा, आसनाखालची जागा, डिकीत सुट्या चाकाचा खड्डा, कपाटातल्या जुन्या पिशव्या, बँकेचा लॉकर, डायऱ्या, सगळीकडे पाहा. मूळ खरेदीची पावती, कंपनीची पुस्तिका, सर्व्हिसची नोंदवही, सुट्या भागांची बिलं, तपासणीचे जुने दाखले, जुन्या गाड्यांच्या हौशी मालकांच्या क्लबचा पत्रव्यवहार, काहीही टाकू नका. अनेक जुन्या गाड्यांचा मीटर पाच आकडी असतो आणि ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो. त्यामुळे मीटरवर दिसणारे ४०,००० हे खरंच ४०,००० आहेत की १,४०,०००, हे बिलांवर त्या त्या वेळी लिहिलेल्या आकड्यांवरूनच सिद्ध होतं. सगळं तारखेप्रमाणे फाइलमध्ये लावा. घरचे अल्बमही चाळा. तीस वर्षांपूर्वीच्या सहलीच्या फोटोत नंबरप्लेट आणि मूळ रंग दिसत असेल तर तो फोटो फाइलमध्ये हवाच. गाडी खोलून पुन्हा उभी केलेली असेल, तर त्या कामाचे फोटो बिलांइतकेच मोलाचे आहेत, कारण रंगाखाली पत्रा नवा घातला की पुट्टी भरली, हे नंतर कोणालाच दिसत नाही.

सुट्या भागांत सगळ्यात मोठं नुकसान होतं. नवा कार्बुरेटर बसवून मूळचा जपून ठेवलेला असतो, ताडपत्रीखाली पडलेलं इंजिन याच गाडीचं मूळ इंजिन असू शकतं. चाकांच्या टोप्या, काचांभोवतीच्या पट्ट्या, मॉडेलच्या नावाची अक्षरं, हत्यारांची गुंडाळी, मूळ जॅक या वस्तू आज नव्या मिळत नाहीत, मिळाल्या तर महाग मिळतात. प्रत्येक खोक्याला क्रमांक द्या, आतल्या वस्तूंचा फोटो घ्या, ओतीव भागांवरचे क्रमांक लिहून घ्या. कोणता भाग कशाचा ते कळत नसेल तरी चालेल, खोकं मात्र गाडीबरोबरच राहू द्या.

मग गाडीचे नंबर. चेसिस (गाडीचा सांगाडा) नंबर, इंजिन नंबर आणि असेल तर बॉडीचा नंबर, हे नोंदणीपत्राशी एकेक अक्षर लावून पाहा. १७ अक्षरी क्रमांकाची पद्धत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून रूढ झाली आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं येत नाहीत. त्याआधीच्या गाड्यांचे क्रमांक आखूड असतात आणि प्रत्येक कंपनीची रीत वेगळी, त्यामुळे कमी आकडे पाहून घाबरू नका. ठोकलेला नंबर वाचता येत नसेल तर चिंधीला थोडं रॉकेल लावून पुसा, वर पांढरा खडू घासा आणि बाजूने उजेड टाकून फोटो घ्या. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर अजिबात नको. घासलेला नंबर खाडाखोड केल्यासारखा दिसतो आणि जाणकार खरेदीदार तिथेच मागे फिरतो. मूळ इंजिन मूळ चेसिसवर असणं, म्हणजे ‘मॅचिंग नंबर्स’, याने काही मॉडेलांच्या किमतीत फार मोठा फरक पडतो. ज्या कंपन्यांचे जुने दप्तर शाबूत आहे, त्यांच्याकडून किंवा त्यांचा इतिहास जपणाऱ्या संस्थेकडून गाडी कोणत्या रंगात, कोणत्या इंजिनासह, कोणत्या तारखेला बाहेर पडली याचा दाखला फी भरून मिळतो. उत्तराला वेळ लागू शकतो, म्हणून हा अर्ज आधीच टाका.

पत्रा तपासायला पातळ फडक्यात गुंडाळलेलं छोटं चुंबक पुरतं. जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर असण्याची शक्यता आहे. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर अधिक चांगलं: मूळ रंग साधारण १०० ते २०० मायक्रॉन असतो, दुसऱ्यांदा रंगवलेला त्याहून बराच जाड, आणि आकडा १,००० च्या पुढे गेला की पुट्टी समजा. मात्र बॉडी कशाची आहे ते आधी जाणून घ्या. जुन्या लँड रोव्हरचे बहुतेक बाह्य पत्रे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आहेत, तर शेव्हरले कॉर्व्हेटची बॉडी १९५३ पासूनच फायबरग्लासची. तिथे चुंबकाने काहीच कळणार नाही. गंज वरून दिसतो त्याहून खाली जास्त असतो: दारांखालच्या पेट्या, पायाखालचा पत्रा, जॅक लावायच्या जागा, मडगार्डच्या कडा, डिकीचा तळ, पुढच्या काचेचे खालचे कोपरे. गाडीखाली जायचं तर निव्वळ जॅकच्या भरवशावर कधीच जाऊ नका. दोन्ही बाजूंना भक्कम स्टँड लावा, पण गंजलेल्या जागी नको, आसाखाली. ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. उंदरांची घाण झाडण्याआधी जंतुनाशकाने भिजवा, हातमोजे आणि मास्क घाला.

गाडी चालू करायची की नाही, हा निर्णय विचारपूर्वक घ्या. चालू गाडीला बंद गाडीपेक्षा जास्त गिऱ्हाईकं मिळतात हे खरं, पण घाईने मारलेल्या एका सेल्फने पिस्टनच्या रिंगा तुटल्या तर काटकसर अंगाशी येते. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत रिंगा सिलिंडरला चिकटतात, पेट्रोलचा डिंकासारखा चिकट थर कार्बुरेटरची छिद्रं बुजवतो, रबरी नळ्या तडकतात आणि गळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरवर पडून आग लागते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे व्हील सिलिंडर आतून गंजून अडकतात. क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते. अनुभवी मिस्त्री आधी टाकी पूर्ण रिकामी करतो, नळ्या आणि फिल्टर बदलतो. मग स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर, म्हणजे सुमारे ५ मिली, पातळ तेल सोडतो आणि एक-दोन दिवस मुरू देतो. नंतर क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने, फिरण्याच्या नेहमीच्याच दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवतो. अडलं तर जोर करत नाही. हाताने मोकळं फिरलं की नवं इंजिन ऑइल, पाणी, आणि प्लगशिवायच सेल्फ फिरवून ऑइलचं प्रेशर येतंय का ते बघणं. बॅटरी जोडताना विशेष जपा. अनेक जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या आहेत आणि काहींची बॉडी अधिक टोकाला जोडलेली असते. सवयीने उणे टोक बॉडीला जोडलं तर वायरिंग आणि रेडिओ जळू शकतो. एवढं करायला माणूस मिळत नसेल तर गाडी बंदच विका, तसं स्पष्ट सांगून.

विकण्याआधी नवा रंग, नवी आसनं, नवं क्रोम करू नका. हा मोह घरच्यांना मायेपोटीच होतो, गाडी शेवटची तरी नीट दिसावी म्हणून. पण घातलेला खर्च सहसा किमतीत परत येत नाही, आणि ताजा रंग पाहून खरेदीदार खाली काय दडलंय हेच शोधू लागतो. फिकट पडलेला मूळ रंग मात्र पैसे टाकूनही परत आणता येत नाही. पहिले फोटो झाल्यावर सौम्य साबणाने धुणं, आतून व्हॅक्युम आणि काचा पुसणं, इतकंच पुरे.

किंमत काढताना आधी नेमकं मॉडेल ठरवा: वर्ष, इंजिनाची क्षमता, दारांची संख्या, टप उघडा की बंद, गिअरबॉक्स कोणता. एकसारख्या दिसणाऱ्या दोन गाड्यांत यामुळे कितीतरी पटींचा फरक असू शकतो. जाहिरातीतली मागणी म्हणजे किंमत नव्हे, झालेल्या विक्रीचे आकडे शोधा. लिलावाच्या निकालांत मोठी मेख आहे. जाहीर आकड्यात अनेकदा खरेदीदाराने बोलीवर लिलावगृहाला भरलेलं प्रीमियमही धरलेलं असतं. समजा हातोडा १०० वर पडला, खरेदीदाराचं प्रीमियम १२ आणि विक्रेत्याची दलाली ८ असेल, तर बातमीत ११२ येतं आणि तुमच्या हाती ९२ पडतात, त्यातून पुन्हा वाहतूक आणि लिलावात गाडी नोंदवायची फी वजा. मूल्यांकन लेखी घ्या, ठरलेली फी देऊन, आणि ज्याला गाडी स्वतः विकत घ्यायची नाही अशा माणसाकडून. कशासाठी हवं तेही त्याला सांगा. विम्याचं मूल्य वरच्या अंगाचं असतं, तर वारसाहक्काच्या हिशेबासाठी बहुतेक ठिकाणी मृत्यूच्या तारखेचं बाजारमूल्य लागतं. एका आकड्यापेक्षा वरचा-खालचा पल्ला मागा. टायरच्या बाजूवरचा तारखेचा आकडाही वाचून ठेवा: २३१४ म्हणजे २०१४ चा २३ वा आठवडा, आणि तीनच आकडे असले तर टायर २००० पूर्वीचा. नक्षी शाबूत दिसली तरी असे टायर बदलावेच लागतात, आणि गिऱ्हाईक तो खर्च कापूनच बोलतो.

दुर्मीळ आणि कागदपत्रांनी भक्कम गाडीला लिलाव योग्य. करारात राखीव किंमत (जिच्याखाली गाडी विकायची नाही ती), न विकल्यास लागणारी फी आणि पैसे किती दिवसांत मिळणार, हे तिन्ही वाचल्याशिवाय सही नको. साध्या, बऱ्याच संख्येने शिल्लक असलेल्या मॉडेलसाठी त्या गाडीचा क्लब बरा, तिथल्या लोकांना तुमच्या खोक्यांचंही मोल कळतं. व्यापारी लगेच पैसे देईल, पण कमी.

जाहिरातीत पडताळलेलं तेवढंच लिहा. ‘इंजिन उत्तम’ असं लिहू नका. ‘हाताने फिरतं, चालू करून पाहिलेलं नाही’ असं लिहा. गंजाचे फोटो स्वच्छ उजेडात द्या. चालवून पाहू देण्याआधी विमा आणि परवाना तपासा. ठरलेल्यापेक्षा जास्त रक्कम पाठवून ‘उरलेली वाहतूकदाराला द्या’ म्हणणाऱ्याशी व्यवहार थांबवा, ती फसवणूक असते. इसाराची पावती द्या, आणि बाकी रक्कम खात्यात जमा झाल्याचं बँकेकडून कळेपर्यंत किल्ली व नोंदणीपत्र तुमच्याकडेच ठेवा. विक्रीच्या कागदावर चेसिस आणि इंजिन हे दोन्ही नंबर, मीटरचा आकडा, तारीख, वेळ आणि ‘आहे त्या स्थितीत’ हे शब्द हवेत.

गाडीचे ब्रेक लागत नसतील तर ती नेणाऱ्या वाहतूकदाराला आधीच कळवा, म्हणजे तो विंच (तारेने गाडी वर ओढणारं यंत्र) असलेली सपाट ट्रॉली आणेल. ऑटोमॅटिक गिअरची गाडी चाकांवर ओढून नेऊ देऊ नका. आसनाखालचे चष्मे, पत्रं, देवाची तसबीर आदल्या दिवशीच काढून घ्या. खोकी यादीप्रमाणे मोजून चढवा, यादीवर त्याची सही घ्या, आणि मालकीबदलाची सूचना नोंदणी कार्यालयाला त्याच दिवशी द्या. विमा बंद करायचा तो त्या सूचनेची पोच मिळाल्यावरच.