घरातल्या कुंडीसाठी माती निवडताना या चुका टाळा

पानं पिवळी पडून गळतायत आणि माती मात्र ओलीच आहे, असं दिसलं तर खत घालू नका, पाणीही घालू नका. झाड कुंडीतून काढून मुळं बघा. पांढरट, टणक असतील तर ठीक. तपकिरी पडलेली, चिमटीत धरताच साल सुटणारी आणि कुजका वास मारणारी असतील, तर बहुतेक वेळा दोष मातीचा असतो. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते आणि गच्च बसलेल्या मातीत ती पोचत नाही.

माझ्या मते सगळ्यात जास्त झाडं जातात ती गावाकडून हौसेनं आणलेल्या काळ्या मातीमुळे. ती कसदार आहे, यात वाद नाही. दख्खनच्या बेसाल्टपासून झालेली ही माती कपाशी आणि ज्वारी पोसते. पण शेतात तिला खोली असते, उन्हाळ्यात भेगा पडून हवा आत जाते. आठ इंची कुंडीत तीच माती पाणी मिळताच फुगून चिकट होते आणि वाळली की आकसून कडेपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट ताटलीत उतरतं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. आपल्याला वाटतं, निचरा काय छान होतोय! ही माती वापरायचीच असेल तर चौथ्या हिश्शाहून जास्त नको. तिच्यात बारीक वाळू मिसळूनही ती मोकळी होत नाही, उलट आणखी घट्ट बसते. जाडसर रेती, विटांचा चुरा, भाताचं तूस किंवा पर्लाइट (हलके, सच्छिद्र पांढरे दाणे) घाला.

नर्सरीतून आणलेल्या रोपाच्या मुळांभोवती बऱ्याचदा चिकट लाल मातीचा घट्ट गोळा असतो. वाहतुकीत तो फुटत नाही, हा त्याचा फायदा. घरी मात्र त्याच्याभोवती हलकी माती भरली की बाहेरची भराभर वाळते आणि आतला गोळा कधी चिंब, कधी दगड. रोप आठवडाभर घरात रुळू द्या. मग गोळा बादलीत भिजत ठेवून बोटांनी माती हलकेच सोडवा. सगळी निघाली नाही तरी चालेल, मुळं तुटता कामा नयेत. भर उन्हाळ्यात हा उद्योग नको.

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, हलकं असतं, बाल्कनीला सोयीचं. पण त्यात अन्न जवळजवळ नसतं आणि वरून सुकलेलं दिसलं तरी आत ओल असते, म्हणून दोन पेरं बोट घालून बघितल्याशिवाय पाणी देऊ नये. कोकोपीटची वीट भिजवल्यावर दोन-तीनदा धुऊन पिळून घ्या, म्हणजे क्षार निघून जातात.

तळाला खड्यांचा थर देण्याची पद्धत घरोघरी आहे, ती सोडाच. बारीक मातीतलं पाणी खड्यांत सहज उतरत नाही, ते थराच्या वरच अडकतं आणि चिखल मुळांच्या जवळ येतो. भोकावर खापरीचा एक तुकडा पुरे. शेणखतही पूर्ण कुजलेलं, भुरभुरीत, वास नसलेलंच घ्या. ताज्या शेणानं मुळं भाजतात आणि त्यातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येऊ शकते.

मनी प्लांट, फिलोडेंड्रॉनसारख्या झाडांना दोन भाग लाल माती आणि कोकोपीट, गांडूळखत, तूस किंवा पर्लाइट प्रत्येकी एक भाग, वर मूठभर निंबोळी पेंड, एवढं मिश्रण मानवतं. स्नेक प्लांट, झेडझेड प्लांट, कोरफड यांच्यासाठी निम्मी जाडसर रेती किंवा विटांचा चुरा हवा. झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडना माती नकोच, झाडाची साल आणि कोळशाचे तुकडे द्या.

लावण्याआधी ओलसर मिश्रण मुठीत दाबून बघा. मुटका वळला पाहिजे आणि बोटानं टोचताच फुटला पाहिजे. वळलाच नाही तर कोकोपीट वाढवा, फुटला नाही तर तूस. मग रिकाम्या कुंडीत भरून पाणी ओता. ते वर तुंबून राहिलं तर झाड लावायच्या आधीच मिश्रण पुन्हा मोकळं करा.