राजगड ते तोरणा: एका दिवसात आणि उजेडात

राजगडाच्या संजीवनी माचीच्या टोकाला उभं राहून पश्चिमेकडे पाहिलं की तोरणा हाताच्या अंतरावर वाटतो. उपड्या ठेवलेल्या तेलाच्या बुधल्यासारखा दिसणारा बुधला माचीचा सुळका आणि तिथपर्यंत गेलेली डोंगराची सोंड, सगळं एका नजरेत मावतं. या दिसण्यालाच बहुतेक जण फसतात. गुंजवण्यातून राजगड चढायचा, सोंडेवरून तोरणा गाठायचा आणि वेल्ह्यात उतरायचं, हे दोन किल्ल्यांचं अंतर धडधाकट माणसालाही बारा-तेरा तास चालवतं. हिवाळ्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे उजेड मिळतो अकरा तास. या ट्रेकची सगळी आखणी या दोन आकड्यांवर होते. त्यात वेळ आणि पाणी सांभाळलंत तर बाकीचं सगळं पाय करतात.

केव्हा जावं

नोव्हेंबरचा मध्य ते जानेवारीअखेर. पावसाळ्यात सोंडेवर धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही आणि कातळावर शेवाळ असतं. मार्चपासून मधल्या टप्प्यात सावली उरत नाही. ही वाट आधी कुणी केलेली नसेल, तर जाणता माणूस सोबत घ्या किंवा गावातला वाटाड्या ठरवा. तीन ते आठ जणांचा गट बरा. एकट्याने जाऊ नका, हे मी अगदी मनापासून सांगतो. मधल्या सोंडेवर पाय मुरगळला तर हाक ऐकायला कुणी नसतं.

आदल्या दिवशीची तयारी

पाणी माणशी चार लिटर. ओझं वाटतं, पण राजगड सोडल्यावर तोरण्याच्या मेंगाई देवीच्या देवळापर्यंत पाण्याची खात्री नाही. सोंडेवर एखाद्या धनगरवाड्यात ताक किंवा सरबत मिळालं तर आनंदाने घ्या, पण त्याच्या भरवशावर बाटली रिकामी ठेवू नका. चारातलं एक लिटर मीठ-साखर-लिंबाचं करून वेगळ्या बाटलीत भरा.

खाण्याच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे: भाकरी नको, दशमी न्या. दुधात भिजवलेली दशमी दुपारपर्यंत मऊ राहते. भाकरी तोवर कोरडी होते आणि घशाखाली ढकलायला पाणी मागते. सोबत शेंगदाण्याची चटणी, गुळाचे खडे, काकडी, दोन-तीन संत्री. बिस्किटांचे पुडे कमी, कारण त्यांनीही तहान वाढते.

बूट दोन-तीन महिने वापरलेले हवेत, नवे नकोत. पायाची नखं दोन दिवस आधी कापा, नाहीतर तोरणा उतरताना अंगठे बुटाच्या टोकाला ठेचकाळतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला लावायची विजेरी आणि तिचे जादा सेल, पायाला गुंडाळायची लवचिक पट्टी, शिट्टी. अत्तर किंवा सुवासिक स्प्रे अजिबात नको. दोन्ही किल्ल्यांच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात. तिथे धूरही करू नका.

मुक्काम गुंजवण्यात करा. घरगुती जेवणाची आणि पथारीची सोय होते. झोपण्याआधी यजमानांना नीट सांगा: किती जण आहोत, वेल्ह्यात उतरणार आहोत, संध्याकाळी फोन करू. तोच निरोप घरीही द्या.

पहाटे साडेचार: चोर दरवाजाची वाट

गुंजवण्यातून पद्मावती माचीपर्यंत सावकाश अडीच तास लागतात. पहिला अर्धा तास मुद्दाम हळू चाला. बोलता बोलता दम लागत नाही, तोच तुमचा दिवसभराचा वेग. शेवटचा टप्पा उभ्या कातळाचा आहे, तिथे आधाराला लोखंडी कठडे आहेत. पहाटे ते दवाने ओले असतात, म्हणून हात पुसून मगच पकडा.

चोर दरवाजातून आत शिरलात की समोर पद्मावती तलाव. देवळाजवळच्या टाक्यांतून बाटल्या पुन्हा काठोकाठ भरा, पाणी गाळून किंवा शुद्धीकरणाची गोळी टाकून. देवळाजवळच सईबाई राणीसाहेबांची समाधी आहे, तिथे क्षणभर थांबून पुढे निघा. बालेकिल्ल्याचा मोह मात्र टाळा. तो चढून-उतरून दीड तास जातो आणि तोच दीड तास संध्याकाळी अंधारातून भरून द्यावा लागतो. राजगडासाठी वेगळा दिवस काढा. पंचवीसेक वर्षं स्वराज्याची राजधानी असलेला आणि 2025 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेला हा किल्ला धावत पाहण्यासारखा नाही.

नऊच्या आत: अळू दरवाजा

बालेकिल्ल्यावर न चढता त्याच्या खालच्या अंगाने संजीवनी माचीवर यायचं. माची लांबलचक आहे, टप्प्याटप्प्याने उतरत जाते. तिची दुहेरी तटबंदी आणि चिलखती बुरुज पाहताना वेळ कसा जातो कळत नाही, तेव्हा घड्याळावर लक्ष ठेवा. अळू दरवाजातून बाहेर पडलं की तोरण्याची वाट सुरू होते.

इथली उतरण दिवसातली सर्वांत फसवी. मुरमाचा घसारा आणि त्यावर वाळलेलं गवत. गवत पायाखाली आडवं पडतं आणि बूट त्यावरून सरकतो. घाबरलेला माणूस मागे रेलतो, आणि रेलला की पाय पुढे निसटतात. त्याऐवजी गुडघे थोडे वाकवा, अंग तिरकं ठेवा, पाऊल आडवं टाका आणि वजन टाकण्याआधी ते एकदा दाबून बघा. कारवीच्या झुडपाचा आधार घ्यायचा तर बुंध्याशी धरा, शेंड्याशी ती कटकन मोडते. दोन माणसांत चार-पाच हात अंतर ठेवा आणि दगड सुटला तर मोठ्याने ‘दगड!’ असं ओरडा.

सोंडेवरून खिंडीपर्यंत

वाट चुकण्याची जागा ही. गुरांच्या पायांनी पडलेल्या ढोरवाटा मुख्य वाटेइतक्याच ठसठशीत असतात. नियम एकच लक्षात ठेवा: धार, म्हणजे सोंडेचा माथा, सोडायची नाही. डावीकडे भाटघर धरणाचं पाणी, उजवीकडे वेल्ह्याच्या बाजूचं खोरं आणि समोर तोरणा. वाट झाडीत शिरून काही ठिकाणी कडेने आडवी जाते, पण ती पुन्हा धारेवर येते. दहा मिनिटं सलग एकाच बाजूला उतरत राहिलात तर थांबा आणि शेवटची खूण दिसली होती तिथवर मागे फिरा. पुढे कुठेतरी वाट मिळेल, या आशेवर कारवीत घुसू नका. गटातला सर्वांत हळू चालणारा पुढे आणि वाट माहीत असलेला एक जण कायम शेवटी, अशी रांग ठेवली की कुणी मागे सुटत नाही.

मध्यावर खिंडीत डांबरी रस्ता आडवा येतो. इथे साडेअकरापर्यंत पोहोचायला हवं. सावली शोधा, बूट-मोजे काढा, दशम्या सोडा, अर्धा तास बसा. आणि मग प्रत्येकाची बाटली उघडून बघा. तोंडाने विचारलं तर सगळे ‘आहे आहे’ म्हणतात.

आम्ही एकदा बाटल्या न बघता खिंडीतून पुढे निघालो. तासाभरात एका मित्राच्या पोटऱ्यांत गोळे आले. पॅंटवरूनसुद्धा स्नायू उडताना दिसत होता. त्याचं पाणी खिंडीआधीच संपलं होतं आणि संकोचापायी तो बोलला नव्हता. त्याचे पाय चोळत, घोट घोट मिठाचं पाणी पाजत त्याला परत खिंडीत आणायला दोन तास गेले. आम्ही पुढे गेलो असतो तर पुढच्या शिडीवर काय झालं असतं, हा विचार आजही मला सोडत नाही.

तेव्हा हे ठरवूनच घरून निघा: साडेबारा वाजून गेले, कुणाकडे लिटरभरापेक्षा कमी पाणी उरलं, किंवा कुणाचा गुडघा बोलायला लागला, तर इथून उजवीकडच्या रस्त्याने वेल्ह्याच्या बाजूला उतरायचं. सगळ्यांनी. तोरणा आहे तिथेच राहणार आहे.

बुधला माची

खिंडीनंतर चढ-उतार चालूच राहतात आणि ऊन माथ्यावर येतं. दर वीस मिनिटांनी तहान नसतानाही दोन घोट प्या. शेवटी घसाऱ्याची उभी चढण आणि लोखंडी शिडी लागते. शिडीवर एका वेळी एकच जण. पाठपिशवीचे पट्टे आवळून घ्या, लोंबती बाटली आत टाका. सगळे वर येईपर्यंत वरच्यांनी कडेला उभं राहू नये. दोनच्या सुमारास शिडी चढलात तर दिवस हातात आहे.

इथे मागे वळून राजगडाकडे बघा. तोरण्यावर सापडलेल्या धनातून महाराजांनी समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा केला, असं सांगतात. सकाळपासून चाललेली सगळी सोंड इथून दिसते.

चारच्या आत तोरणा सोडा

बुधला माचीवरून कोकण दरवाजाने मेंगाई देवीच्या देवळापाशी यायचं. 1403 मीटर उंचीचा हा गड, हवा निवळ असेल तर इथून रायगडही दिसतो. टाक्यातलं पाणी शुद्ध करून भरा, उरलेली संत्री संपवा आणि चारच्या आत बिनी दरवाजातून उतरायला लागा. वेल्ह्यापर्यंत दोन तास. वरचा टप्पा कातळाचा आहे, कठडे आहेत. दमलेले गुडघे इथेच दगा देतात, म्हणून पावलं लहान टाका आणि उड्या मारू नका. पाय लटपटू लागले तर पाच मिनिटं बसा. काही अपघात झालाच तर जखमीला हलवण्याची घाई न करता 112 लावा आणि खाली गावात निरोप पाठवा.

वेल्ह्यात पोहोचलात की चहा सांगा, बूट काढा, बोटांत फोड आले असतील तर ते न फोडता धुऊन पट्टी लावा. पुण्याला जाणाऱ्या परतीच्या एसटीची वेळ आधीच विचारून ठेवलेली असावी. आणि चहा येईपर्यंत पहिला फोन गुंजवण्याच्या यजमानांना करा. सगळे उतरलो, एवढंच सांगा. ते वाट बघत असतात.